माझ्या उतारावर झोपलेले बाळ

मी एक जुनी उतरती उशी आहे. वयाने म्हणाल तर जेमतेम दीड वर्षाची. पण मित्रांनो, काही वस्तू वर्षांनी जुन्या होत नाहीत, एखाद्या दुपारीच होतात.

माझा आकार पाचरीसारखा आहे. एका बाजूला वीतभर उंच, दुसऱ्या बाजूला बोटभर जाड. अंगात स्पंज, वर पिवळी सुती खोळ आणि खोळीवर पांढरी बदके. एका लहान कारखान्यात स्पंजचा चौकोनी ठोकळा तिरपा कापला, त्यातून मी आणि माझी जुळी बहीण अशा दोघी निघालो. शिलाईवाल्या बाईंनी आम्हाला खोळी घातल्या आणि कडेला एकेक लेबल शिवले. त्यावर लिहिले होते, 'दूध उलटणार नाही, बाळ निवांत झोपेल.'

शेजारच्या मशिनवरच्या बाईने त्यांना विचारले, "तुमच्या नातीला नेता का एक?"

"नको गं, ती आपली सपाटच बरी झोपते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोरा तोडला.

मला तेव्हा त्या नातीची कीव आली होती. मला मिळालेले काम केवढे मोठे, याच तोऱ्यात मी होते.

तिथून आम्ही दोघी एका दुकानात आलो. दुधाच्या बाटल्या, टोपरी, खुळखुळे, सगळे बाळांचेच सामान. दुकानाच्या मालकीणबाईंना एक धाकटी बहीण होती. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून थोरलीनेच धाकटीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडले, तिचे लग्न लावून दिले. धाकटीच्या तोंडी सारखे 'ताई म्हणाली', 'ताईला विचारते' असेच असायचे.

या धाकटीला मुलगा झाला. दोन महिन्यांचे ते पोर प्यायलेले दूध ओकून टाकायचे आणि मग रडायचे. असे रडायचे, की त्याच्या बाबांनी त्याचे नाव भोंगा ठेवले होते. आईच्या खांद्यावर सदा एक फडके असायचे आणि घरभर आंबूस वास. तिला वाटायचे, आपल्यालाच काही जमत नाही. रोज ती ताईला फोन करून रडायची.

एके दिवशी ताईंनी मला फळीवरून काढले, हाताने झटकले आणि स्वतः बहिणीच्या घरी आणून दिले. "हे घे. यावर झोपव त्याला. दूध वर येणारच नाही, बघ तू."

खरेच, पहिल्या रात्रीपासून भोंगा जास्त वेळ झोपू लागला. आईने फोनवर सांगितले, "ताई, तुझ्या उशीने वाचवलं गं मला." बाबा म्हणाले, "भोंगा बंद करायची वायर सापडली एकदाची." माझी खोळ आई दर दोन दिवसांनी धुवायची. मित्रांनो, मी फुलून गेले होते.

तिसऱ्या आठवड्यातली ती दुपार. आईने त्याला पाजले, लगेच माझ्यावर ठेवले आणि खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत बसली. भोंग्याने दोनदा पाय झाडले. तो माझ्या उतारावरून थोडा खाली घसरला. मग आणखी थोडा. त्याचे डोके पुढे कलले आणि हनुवटी छातीला टेकली. मान धरायचे बळ त्याच्यात अजून आले नव्हते. तो रडला नाही. रडायला श्वास लागतो. दूध उलटले नाही, बाळ निवांत होते. माझ्या लेबलावरचा शब्द न् शब्द खरा होत होता आणि माझ्या अंगावर एक जीव गुदमरत होता.

मला हलता येत नाही. त्याचे एवढे दुःख मला आयुष्यात कधी झाले नव्हते.

आईला एका मोज्याचा जोड सापडेना. तो बाळाच्याच पायात असेल म्हणून ती उठली. तिने पाऊल धरले. एरवी तो लगेच पाय ओढून घ्यायचा. आज ओढला नाही. तिने वर पाहिले. त्याचे ओठ शाईसारखे झाले होते.

तिने त्याला उचलून छातीशी उभे धरले, पाठ चोळली, त्याच्या बारशाचे नाही तर बाबांनी ठेवलेले नाव घेऊन हाका मारल्या. एक लांब आचका आला. मग भोंगा वाजला. आई तशीच घडी घातलेल्या कपड्यांवर बसली आणि त्याचे रडणे ऐकत राहिली.

दवाखान्यात ती मलाही घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी बाळाला नीट तपासले, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. मग मला हातात धरून म्हणाल्या, "हे झोपण्यासाठी वापरायचं नाही. दूध ओकणारं बाळसुद्धा सपाट, घट्ट गादीवर, उताणंच झोपवायचं. उशी नाही, लोड नाही."

"पण उताणं असताना दूध घशात अडकलं तर?" आईने विचारले.

"उताणं असताना श्वासाची नळी वर असते आणि अन्नाची खाली. वर आलेलं दूध आपोआप खाली जातं. मान दुमडली, की मात्र वाट बंद होते."

नर्सबाईंनी बाळाला घेऊन दाखवले: थोडे थोडे पाजायचे, मध्ये थांबून ढेकर काढायची, लंगोट पोटावर करकचून बांधायचा नाही. आणि पाजल्यावर वीस-तीस मिनिटे असे खांद्याशी उभे धरून बसायचे. "वजन वाढतंय ना त्याचं? मग तो आजारी नाही. नुसता सांडतो. वर्षाचा होईतो थांबेल. हिरवी उलटी झाली, रक्त दिसलं, दूध पिईना किंवा वजन वाढायचं थांबलं, तर मात्र ताबडतोब यायचं."

मग त्या हळूच म्हणाल्या, "या उशांबद्दल आम्ही गावातल्या सगळ्या दुकानांना पत्र पाठवलं होतं. चार महिने झाले."

दुसऱ्या दिवशी आई मला काखेत मारून ताईंच्या दुकानात गेली. तिथे दिवस भरत आलेली एक बाई माझ्या जुळ्या बहिणीला चाचपून बघत उभी होती.

"ताई, दवाखान्यातून पत्र आलं होतं का तुला?"

ताई खुळखुळे सरळ करत राहिल्या. "आलं होतं."

"मला ही उशी देण्याआधी?"

"अगं, पत्रं काय, ते पाठवतच असतात. तू रोज फोनवर रडायचीस. मला वाटलं, तुला घटकाभर झोप तरी मिळेल."

"मग ते पत्र मला दाखवायचं होतंस. ठरवलं मी असतं."

"मी कधी तुझं वाईट केलंय का?"

 आईने त्या गिऱ्हाईक बाईच्या हातातली उशी काढून घेतली. "ही घेऊ नका. काल माझा मुलगा हिच्यावर निळा पडला होता."

"माझ्याच दुकानात उभं राहून बोलतेस?" ताईंचा आवाज चिरकला.

"दुसरीकडे कुठे बोलू?" आई म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने फळीवरच्या सगळ्या उशा खाली काढल्या. ताईंनी तिला अडवले नाही. मदतही केली नाही.

आईला आधी वाटत होते, की ताईला माहीत नव्हते. मला वाटत होते, की लेबल लिहिणाऱ्यांना तरी सगळे माहीत असते. ज्यांच्यावर डोळे मिटून विसंबायचे, त्यांनीच आम्हा दोघींना तोंडघशी पाडले.

भोंग्याचे ओकणे एका दिवसात गेले नाही. आई त्याला दर वेळी खांद्याशी धरून घरभर फिरायची, मांडी घालून बसायची, कंटाळली की बाबांच्या खांद्यावर द्यायची. अकराव्या महिन्यात खांद्यावरचे फडके सुटले. ताई अधूनमधून येतात. बाळाला घेतात, लाड करतात. आई हसून बोलते, पाणी देते. पण ताईंच्या मांडीवर बाळ असेतो ती खोलीतून उठत नाही. ताईंच्या ते लक्षात आले आहे.

बाकीच्या उशा डॉक्टरबाईंकडे गेल्या. मी तेवढी या घराच्या माळ्यावर राहिले. बाबा म्हणाले होते, "टाकून दे ना." आई म्हणाली, "कचऱ्यातून कोणी उचलून नेली तर?" परवा शेजारच्या काकू मला मागायला आल्या होत्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. आईने त्यांना नाही म्हटले, पण माझ्यावरची बदके अजून छान दिसतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू तुमच्याकडे नेहमी एकच मागणे मागतात: आम्हाला जपा, टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. मला कोणालाही देऊ नका. मी आतून स्पंज आहे. कात्री घ्या, माझे लहान लहान तुकडे करा आणि त्या तुकड्यांनी भांडी घासा. त्या कामात मी कोणाला फसवणार नाही.