कळपाच्या कानातली खूण

पेडगावच्या शिवारात उजव्या कानाला चिमणीच्या शेपटासारखी खाच असलेलं मेंढरू दिसलं, की ते कुणाचं हे विचारायचं काम नसे. ते कासाबाईचं. चुकलं तर लोक आणून सोडत, कापसात शिरलं तर लोक भांडायला येत, आणि कासाबाईला दोन्हीत सारखाच मान वाटे. खूण बघून आले म्हणजे ओळखून आले!

कासाबाईचा नवरा उमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ वेगळे झाले तेव्हा घरची मूळ खूण थोरल्याकडं राहिली. धाकट्यानं त्याच खाचेखाली आणखी एक खाच पाडून आपली खूण केली. त्या धाकट्याची बायको सगुणाबाई दोन घरं टाकून पलीकडं राहते, आणि कासाबाईनं तिला एवढ्या वर्षांत एकदाही विसरू दिलं नाही. "आमचं मूळ, तुमचं ठिगळ." लग्नात, मयतीत, पाण्याच्या नळावर, जिथं सापडेल तिथं. उमाजी गेल्यावर खुणेचा मान कासाबाईकडं आला. नव्या कोकरांच्या कानाला कात्री लावायची ती तिनंच, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

तिचा एकुलता एक रामकिशन परभणीला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं फोनवर चालणारा एक प्रोग्राम केला होता, त्याचं नाव 'कळप'. कुठली मेंढी कुठल्या मेंढ्यापासून गाभण राहिली, कोकरू कधी झालं, लस कधी टोचली, सगळं त्यात राहायचं. एकाच रक्ताचा मेंढा लागत असला तर फोन आधीच बजावायचा. प्रोग्रामाचं आतलं सगळं लिखाण रामकिशननं उघडं ठेवलेलं. कुणीही बघा, वापरा, सुधारा, फुकट. पालमपासून राजस्थानपर्यंत धनगर-मेंढपाळ तो वापरत, आणि कुठल्या कुठल्या मुलखातले लोक त्यात दुरुस्त्या करून पाठवत. तो उघडला की पहिल्यांदा दिसायचा एक कान, आणि कानाला चिमणीच्या शेपटाची खाच. कासाबाईला प्रोग्राम कळत नव्हता, कान कळत होता. आल्यागेल्याला ती फोन दाखवायची, "बगा, परदेशात आमचा कान गेलाय." सगुणाबाई समोर असली तर दोनदा दाखवायची.

तर एका रविवारी रामकिशन एसटीनं आला, भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाला, "माय, कळप मी एका संस्थेला द्यायलोय."

"किती दिवसासाठी?"

"कायमचा."

"इकायलास?"

"न्हाई. दान."

कासाबाईनं भाकरीचं टोपलं बाजूला सारलं. "दान तालेवारानं करावं. तुझ्याजवळ एकच चीज हाय, तीबी दान! उद्या धोतर मागतील, मग काय करशील?"

"मी धोतर कवा नेसतो, माय?"

"त्येच म्हणते. तेबी न्हाई तुझ्याजवळ."

रामकिशननं पुष्कळ समजावलं. इतक्या लोकांची मेंढरं या प्रोग्रामवर, आणि सांभाळणारा तो एकटा. उद्या त्याला काही झालं तर? ही संस्था असले उघडे प्रोग्राम सांभाळायचंच काम करते. मग कळप कुणा एकाचा राहणार नाही; तीन माणसांची समिती त्याचं बरंवाईट ठरवील.

"तिघं कोण?"

"मी, राजस्थानातले एक बन्सीधरजी, आन्..." रामकिशननं मान खाजवली, "आपली शालू."

शालू म्हणजे सगुणाबाईची लेक. सेलूच्या कॉलेजातून शिकून आलेली, आणि खरं बोलायचं तर कळप अडला की लोकांचे फोन घेऊन त्यांना निस्तरून देणारी तीच. रामकिशन नोकरीवर असताना चार चार माणसांशी ती डोकं लावून बसायची. हे कासाबाईला माहीत होतं. माहीत नसतं तर एवढं झोंबलं नसतं.

"आन् संस्थेला नाव लागतंय, खूणबी लागती," रामकिशन हळूच म्हणाला. "ती त्येंच्या नावावर व्हईल. मेंढरांच्या कानात आपलीच राहील, पण प्रोग्रामवरली त्येंची. कागदावर ती माझी हाय म्हणा, पण घरची खूण तुला इचारल्याबिगर मी देणार न्हाई."

"मग इचारलंस. आता ऐक. प्रोग्राम दे, नाव दे, तूबी जा त्येंच्या घरी नांदायला. खूण मिळायची न्हाई. माझ्या खुणेवर सगुणाची पोरगी पंच म्हणून बसणार आन् मी खालून बगणार व्हय?"

रामकिशननं पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या एसटीनं तो परभणीला परतला. कासाबाईला वाटलं, मोडलं दान. तिच्या हिशेबानं बरोबरच होतं. बिनखुणेचं मेंढरू बाजारात कुणी हातात धरत नाही. खूण नाही तर मालक नाही, आणि मालकच नाही तर देणार कोण, घेणार कोण? त्या दिवशी तिनं मेंढरांना सरकी जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई दारात. हातात रिकामी वाटी, पण मागायला काही नाही.

"अक्का, हायेत का घरात?"

"कुटं जाऊ? ये."

"म्हणलं भेटून यावं." सगुणाबाई उंबऱ्यापाशीच टेकली. "रामकिशन सांगत व्हता, तुमी खूण द्यायला नको म्हणल्या. बरं केलं जी. वय झालं की माणसाच्यानं हातातलं सुटत न्हाई, त्याला तुमी तरी काय करताल?"

"माझ्या हातातलं सोडवाया तू कवा आलीस?"

"मी न्हाई, माय! मी आपलं पोराला म्हणलं, बाबा, तुझं काम काहून अडावं? आमची घे. दोन खाचा हायेत, लांबूनबी दिसतील. ते म्हणालं, संस्थेला कोणतीबी चालती, शालू नवं चित्र काढील." वाटी पालथी करून तिनं झटकली. "येते अक्का. मेंढरं सोडायचीत."

सगुणाबाई गेली आणि मग कासाबाईच्या ध्यानात आलं. खूण न देता दान होतं! आणि होतं ते असं! तिनं मेंढरं सोडली, कळपाभोवतीची जाळीची वाघर गुंडाळली, पण डोळ्यांपुढं एकच. राजस्थानात कुणीतरी फोन उघडतोय, परदेशात कुणी गोरा उघडतोय, आणि समोर कान. कानाला दोन खाचा. सगळी दुनिया ठिगळ बघतेय आणि म्हणतेय, वा! मूळ कुठं? मूळ पेडगावात, कासाबाईच्या वाड्यात लेंड्या तुडवतंय. नळावर सगुणा आता काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. फोन काढून दाखवील. तेही दोनदा.

दुपारची भाकरी तशीच राहिली. तिनं शेजारणीकडून फोन लावून घेतला.

"रामकिशन, तुझ्या त्या संस्थेला सांग. आपलीच खूण जाईल."

"माय, काल तर तू..."

"काल काल व्हतं."

"एकदा दिली की परत न्हाई बरं का. उद्या समितीनं म्हणलं कान बदलायचा, तर बदलतील. तुला इचारणार न्हाईत."

"बदलंनात. पण तिची लागता कामा न्हाई."

"कुणाची?"

"तुला समजलंय कुणाची. उगं माझ्या तोंडून काढू नको."

बुधवारी रामकिशन लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर संस्थेची एक बाई होती, सोलापूरकडची नीलम्मा. शेजारच्या चौकटीत बन्सीधरजी पगडीसकट. शालू सतरंजीच्या कडेला बसली होती. कासाबाई इरकली नेसून मधोमध. बोलणं सुरू व्हायच्या आधी तिनं डबी उघडली आणि लॅपटॉपच्या पाठीला भंडाऱ्याची बोटं ओढली.

"मोठ्या आई, मशीन हाय ते," शालू म्हणाली.

"तुला ठावं न्हाई का आपली रीत? मेंढा दुसऱ्याच्या हवाली करायचा तर भंडारा लावायचा, दोरी त्याच्या हाती द्यायची, आन् मागून हाक मारायची न्हाई. हाक मारली की जनावर आर्ध्यातून फिरतं आन् दोन्ही घरची इज्जत जाती."

नीलम्मा पडद्यातून हात जोडून म्हणाली, "आई, खूण द्यायला तुम्ही मनापासून राजी आहात ना?"

"राजी नसते तर ही इरकली मेंढरांना दाखवाया नेसले का?"

बन्सीधरजी हसले, त्यांना कळलं किंवा नाही ते देव जाणे. रामकिशननं दोन-तीन कळा दाबल्या. झालं. कळप संस्थेचा झाला, कान संस्थेचा झाला. कासाबाईला वाटलं होतं काहीतरी वाजेल तरी.

संध्याकाळी ती मुद्दाम चहाच्या वेळी सगुणाबाईकडं गेली. उंबऱ्यात नाही, आत जाऊन बाजेवर बसली.

"गेली बरं का माझी खूण. भंडारा लावून दिली. तुझी काय आता कामाची न्हाई."

सगुणाबाईनं चहात साखर टाकली, ढवळली, कप पुढं केला. "लय बेस झालं अक्का. माझ्या शालूचा जीव त्या कामात अडकलेला. मूळ खूण गेली, लोकांच्या वळखीचा कान राहिला. नव्या कानाला कोण वळखणार व्हतं?"

"तू तर तुझी द्यायला निघाली व्हतीस."

"मी?" सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. "घरची खूण कुणी देतं का, अक्का? मालकानं मरताना माझ्या हातात कात्री दिलेली. मी आपलं तुमच्या कानावर घातलं. तुमाला मी काय आज वळखते का?"

चुलीपाशी शालूची मान खाली गेली ती वर येईना. खांदे मात्र हलत होते.

कासाबाई चहा प्यायली. न पिऊन सांगणार कुणाला? हाक तर मारता येत नव्हती. भंडारा लावलेला, सगळ्यांनी पाहिलेला. आता गावात एकच घर उरलं होतं ज्याची खूण फक्त त्याच घराची होती, आणि ते घर तिचं नव्हतं. ठिगळ शाबूत होतं. मूळ जगाला वाटून झालं होतं.

घरी येऊन तिनं रामकिशनला विचारलं, "त्या संस्थेला एकच खूण लागती का रे? का दोन ठेवतात?"

"एकच, माय. काहून?"

"इचार त्येंला. वाढीव म्हणून घेत असतील तर सगुणाचीबी घ्या म्हणावं." तिनं इरकलीची घडी मांडीवर घेऊन कडा जुळवल्या, त्या जुळेनात. "माझी गेल्यावर तिची एकलीची काहून घरात राहावी?"