नावाची कोरी जागा

अझारियाने पिसाची लेखणी शाईत बुडवली, चर्मपत्रावरच्या कोऱ्या जागेपाशी नेली आणि पुसून खाली ठेवली.

स्तोत्र लिहून झालं होतं. साऱ्या पृथ्वीवर देवाच्या नावाची थोरवी भरून राहिली आहे, असं सांगणारं. फक्त ते नावच लिहायचं राहिलं होतं. रोज सकाळी तो कुंडात बुडी मारून शुद्ध होऊन यायचा आणि इथे येऊन अडायचा.

त्याची मुलगी सिमखा खिमा भरलेल्या कुब्ब्याचं गरम भांडं घेऊन आत आली.

"अबा, सिनेगॉगवाले पुन्हा विचारत होते. दुसऱ्याकडून लिहून घेऊ म्हणतात."

"घेऊ देत की."

"आईच्या आठवणीत लागणार आहे ते भिंतीवर. दुसऱ्याचं अक्षर चालेल तिला? तुमच्या अक्षरालाही नावं ठेवायची ती."

अझारियाने हात मांडीवर पुसले.

"त्या दिवशी तिने हाक मारली होती मला. स्वयंपाकघरातून. मी नाव लिहीत होतो."

सिमखाने भांडं खाली ठेवलं. सोफराच्या, धर्मग्रंथ हाताने लिहिणाऱ्याच्या घरात वाढलेली ती. नाव लिहायला घेतलं की दारात राजा आला तरी शेवटच्या अक्षरापर्यंत ओ द्यायची नाही, हे तिला सांगायला नको होतं. तो उठून गेला तेव्हा आई चुलीपाशी पडलेली होती, हेही ठाऊक होतं. हाकेचं मात्र आज कळत होतं.

"तुमचा इलाज नव्हता, अबा. नियमच आहे तो. आणि आई तर मुद्दामच तेव्हा बोलायची. म्हणायची, एवढ्या वेळातच हा माणूस उलट बोलत नाही."

"हो ना."

"मग?"

"मला वाटलं, चिडवतेय." तो चर्मपत्राकडे बघत म्हणाला. "नियम मला आठवलासुद्धा नाही, सिमखा. मी हसलो, आणि लिहीत राहिलो."

खाली गल्लीत कोणीतरी भाजीवाल्याशी वाद घालत होतं.

अझारियाने चर्मपत्र जवळ ओढलं. पवित्र नावासाठी लिहितो आहे, असं मोठ्याने म्हणाला आणि पहिलं अक्षर काढलं.

कुब्बा गार होत होता. सिमखाने भांडं उचललं, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मग परत आली आणि त्याला दिसेल अशी समोर बसून राहिली.