दोघींचं कबूतर

मास्तरांनी कागदाचे टोक जरा जोरात ओढले आणि कबुतराची मान तुटून त्यांच्या हातात आली.

चर्चच्या मागच्या खोलीत लांब टेबलाभोवती बसलेली मुले वाकून बघू लागली. मग बेकरीवाल्याच्या जुळ्यांपैकी एकाने तोंडावर हात दाबला, दुसऱ्याला तेवढेही जमले नाही, आणि सगळी खोली खदखदून हसली.

“हे तर नोहाच्या तारवातून निघायच्या आधीच गेलं!” कुणीतरी ओरडले.

एरवी मास्तरही हसले असते. पण आज त्यांच्या कपाळावर घाम होता. आठवडाभर स्वयंपाकघराचे दार लोटून त्यांनी हे कबूतर करायचा सराव केला होता, आणि तिथे ते दर वेळी बऱ्यापैकी पक्ष्यासारखे झाले होते. त्यांनी चोरून शेजारी पाहिले. त्यांची बायको, म्हणजे या रविवारच्या बायबलवर्गाच्या, संडेस्कूलच्या बाई, खुर्चीत ताठ बसून शांतपणे मुलांकडे बघत होत्या. डावा हात मांडीवर होता, त्यावर शाल.

मास्तर तसे शाळेतले नव्हेत. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवले. त्यांच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असे, आणि शिकणाऱ्याला चूक कळायच्या आत मास्तरांचा पाय तिथे पोचलेला असे. बाई मात्र खऱ्याखुऱ्या बाई. आज समोर बसलेल्या निम्म्या पोरांचे आईबाप त्यांच्याच हाताखालून गेले होते. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चेहरा सावरला, पाय सावरला, डावा हात तेवढा रुसला तो रुसलाच. आणि बोलणे हळू झाले. शब्द येत, पण जिना चढून आलेल्या माणसासारखे, मध्ये थांबत, दम घेत.

आज त्या हट्टाने वर्गावर आल्या होत्या. मास्तरांनी चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, परस्पर गाठून ठेवले होते. “एक दिवस येऊ दे तिला. पोरांचा निरोप घेईल. पुढच्या रविवारपासून दुसरं कुणी तरी बघा. पोरं हसली तर तिला सोसायचं नाही हो.” बाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. गोष्ट बाईंनी सांगायची आणि कबुतरे मास्तरांनी करायची, म्हणजे त्या हाताकडे कुणाचे लक्षच जाणार नाही, असा त्यांचा बेत होता.

“आधी... गोष्ट,” बाई म्हणाल्या.

मुले सरसावून बसली. पाऊस झाला, पाणी चढले, सगळ्या प्राण्यांच्या जोड्या घेऊन नोहाचे तारू तरंगले. हे सगळे बाईंनी थोडक्यात, एका हाताने हवेत लाटा काढत सांगितले.

“मग नोहानं... खिडकी...”

“उघडली,” मास्तर चटकन म्हणाले.

“आणि एक...”

“कबूतर सोडलं, पाणी ओसरलं का बघायला.”

टेबलाच्या टोकाला एक मुलगी बसली होती. सदानकदा काहीतरी विचारत असायची म्हणून सगळे तिला प्रश्नपेटी म्हणत. तिने मान वाकडी करून मास्तरांकडे पाहिले.

“मास्तरआजोबा, गोष्ट बाईंची आहे ना? मग तुम्ही का सांगताय?”

“अगं, त्यांना वेळ लागतो...”

“आम्हाला कुठे घाई आहे?”

 टेबलाखाली मास्तरांचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबला गेला.

“ते परत... आलं,” बाई म्हणाल्या. “आणि त्याच्या... चोचीत...”

शब्द काही येईना. मास्तरांच्या जिभेवर तो केव्हाचा तयार होता. पण मुले? मुले डोळे मोठे करून पुढे झुकली होती, जादूगार टोपीतून आता काय काढतो हे बघावे तशी. वर्गातली सगळ्यांत धाकटी मुलगी तर श्वास रोखून बसली होती.

“पान!” बाई म्हणाल्या. “हिरवं... पान!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. जणू पाणी आत्ता, या खोलीतूनच, ओसरले होते.

मग पुन्हा कागद. मास्तरांनी दुसरे कबूतर करायला घेतले. या वेळी मान शाबूत राहिली, पण पंख उघडताना सगळा ऐवज पसरट झाला.

“तारू छान झालं,” जुळ्यांपैकी थोरला प्रामाणिकपणे म्हणाला. “आता कबूतर करा.”

“द्या... इकडे,” बाई म्हणाल्या.

“राहू दे गं, तुला कुठे...” मास्तर बोलता बोलता थांबले.

बाईंनी चौकोनी कागद समोर घेतला आणि उजव्या हाताने कोपऱ्यावर कोपरा आणला. कागद सरकला. पुन्हा आणला, पुन्हा सरकला. शाल खाली घसरली. आता कुणी हसले नाही, आणि मास्तरांना ते हसण्यापेक्षा जड गेले. ते अर्धवट उठलेसुद्धा. पण बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

“तू ये,” त्या प्रश्नपेटीला म्हणाल्या. “तुझा डावा हात... दे.”

“नुसता डावा?”

“नुसता.”

“मग उजव्याचं काय करू?”

“खिशात... ठेव.”

प्रश्नपेटीने उजवा हात फ्रॉकच्या खिशात घातला आणि शाईने माखलेली डावी बोटे कागदावर ठेवली. बाईंच्या हाताने घडी घातली, तिने धरून ठेवली. “धर... सोड... आता इथे.” दोनदा चुकले, तेव्हा दोघी हसल्या. घडीवर घडी बसत गेली. शेवटी बाईंनी एक पंख आणि तिने दुसरा असा एकदमच ओढला, आणि टेबलावर कबूतर उभे राहिले. शेपूट थोडी तिरकी, पण मान ऐटदार.

“आम्ही पण असंच करणार!” जुळे ओरडले.

मग जे काही झाले त्याला वर्ग म्हणणे कठीण. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येकाचा एक हात पाठीमागे, एक कागदावर. “अरे माझ्याकडे ओढ!” “तुझ्याकडे म्हणजे कुणाकडे?” कागद फाटत होते, कोपरे एकमेकांना लागत होते, हसण्याने बाके हलत होती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे नाव पंखावर लिहायचे, असे बाईंनी सांगितले. जुळ्यांनी आपल्या कुत्र्याचे लिहिले.

“चालेल ना बाई? तारवात कुत्रेपण होते.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. हा शब्द मात्र एका दमात आला.

जोडी न मिळालेली धाकटी मास्तरांपाशी येऊन उभी राहिली.

“आजोबा, हात द्या.”

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले.

“एकच,” ती म्हणाली. “दुसरा नको. आणि ओढू नका हं, ओढायचं मी. तुम्ही फक्त धरा.”

मास्तरांनी धरले. तिने घडी भलत्याच ठिकाणी घातली, मग स्वतःशीच पुटपुटत मोडली, पुन्हा घातली. दोन बोटांत कागद धरून थांबून राहणे एवढेच त्यांचे काम होते, आणि ते काम किती अवघड आहे हे त्यांना आज कळत होते. कबूतर झाले तेव्हा त्याला चोच नव्हती. धाकटीने पेन्सिलीने काढली.

तेवढ्यात पाळकसाहेब दारात आले. हातात फुलांचा मोठा गुच्छ, चेहरा समारंभाचा.

“बाई,” ते घसा साफ करून म्हणाले, “इतकी वर्षं तुम्ही या मुलांना...”

मास्तर लगबगीने उठून मध्ये गेले. “साहेब, ते... मी म्हणालो होतो ना, ते माझंच होतं. तिला मी विचारलंच नव्हतं.”

बाईंनी गुच्छाकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले, चांगले निरखून. मास्तर टेबलावरचे कागदाचे कपटे गोळा करू लागले.

“फुलं कुणाला?” प्रश्नपेटीने विचारले.

“टेबलावर ठेवायला आणली,” पाळकसाहेब चटकन म्हणाले आणि ठेवलीसुद्धा. मग हळूच मास्तरांना विचारले, “मग पुढच्या रविवारचं काय?”

मास्तरांनी तोंड उघडले. तसेच मिटले. मग ते बाईंकडे वळले आणि वाट पाहू लागले. त्यांना पाहून पाळकसाहेब थांबले, मुलेही थांबली.

“पुढच्या रविवारी,” बाई म्हणाल्या, “मासे.”

“मासे?”

“कागदाचे.”

मुलांनी टेबल बडवले. पाळकसाहेबही हसत सुटले.

“मास्तर, तुम्हाला येतात का कागदाचे मासे?”

“छे हो,” मास्तर म्हणाले. “मी नुसता धरायला.”