शकुंतलाबाईंचा टेक

बावीस वर्षं नाटकात कामं करून हणमंतरावांना एकही वाक्य कधी पाठ झालं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीच्या नाटकात ते स्टेजवर, आणि विंगेत वही घेऊन त्यांची बायको शकुंतलाबाई. बाईंनी वाक्य पुटपुटायचं, यांनी ते खणखणीत फेकायचं. चिकपेटेच्या कानडी बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसानं पाठ करत बसायचं तरी कधी? पण एवढा आवाज असूनही वाट्याला काय आलं, तर शिपाई, दिवाणजी आणि एकदा भूत. मुख्य काम म्हणून कुणी दिलं नाही मेल्यांनी.

म्हणून शहाण्णव साली मंडळानं व्हिडिओ सिनेमाची स्पर्धा काढली आणि पुण्याहून नोकरीला आलेल्या शंतनुनं "काका, मुख्य काम तुमचंच," म्हटलं, तेव्हा हणमंतराव असे हरखले की बसवनगुडीतलं आपलं घरच शूटिंगला देऊन बसले. स्पर्धेचे नियम मात्र जीव घेणारे. शनिवारी सकाळी विषयाची चिठ्ठी उघडायची, रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला कॅसेट मंडळात द्यायची. मागाहून कापाकापी नाही, वेगळा आवाज भरणं नाही. कॅमेऱ्यात उतरेल तेच खरं; चुकलं तर कॅसेट मागे घेऊन त्यावरच पुन्हा. चिठ्ठीत निघालं 'निरोप'. शंतनुच्या बायकोनं, सुखदानं, गोष्ट लिहिली: मुलगा अमेरिकेला निघालाय, आणि जन्मभर गप्प राहिलेला बाप निघताना चार वाक्यं बोलतो.

रविवारी दुपारी घोडं अडलं ते त्या चार वाक्यांवर. बाकी सगळं झालं होतं. मुलगा झालेला पोरगा काम उरकून घरीसुद्धा गेला होता. आता कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं, बस्स.

शकुंतलाबाई सवयीनं स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. हणमंतराव झकास बोलले. शंतनुनं टीव्हीवर लावून पाहिलं, तर प्रत्येक वाक्य दोनदा!

"काका, काकूंचा आवाज येतोय."

"सरी, बरं, मग ती स्वल्प हळू बोलेल," हणमंतराव म्हणाले.

त्या हळू बोलल्या, तर यांना ऐकू येईना. ऐन निरोपाच्या वेळी बाप पडद्याकडे मान वळवून "आँ?" करतो! मग कपाटाला कागद चिकटवला. चष्मा घातला की काचेत ट्यूबलाइट चमके, काढला की अक्षरं दिसेनात. मग काकूंना मागच्या अंगणात धाडलं, तर हणमंतराव "जा बाळा" म्हणून जे थांबले ते थांबलेच.

"चार वाक्यं आहेत हो काका! चार!" शंतनु रडकुंडीला आला होता.

"ओरडू नकोस. माझ्या घरात उभा आहेस तू."

पाच वाजून गेले. नाइलाजानं बाईंना परत पडद्याआड बोलावलं, पुन्हा टेक झाला, पुन्हा टीव्हीवर लावला. शंतनुनं कपाळावर हात मारला. सुखदा मात्र एकदम म्हणाली, "थांब. काकांचं सोड. काकूंचं ऐक."

सगळ्यांनी ऐकलं. ते हलकं, दबलेलं पुटपुटणं ऐकून शंतनुचा चेहराच बदलला. "काकू, तुम्ही बसा खुर्चीत. बाप गप्पच राहील. आई बोलेल."

हणमंतरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. "ही? हिला घाम फुटेल कॅमेऱ्यासमोर!"

"हो ना, मी कशाला," बाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता पदर सारखा करून खुर्चीत बसल्यासुद्धा. ते पाहून हणमंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांनी मिळालेलं काम, आणि ते घरातल्या घरातच गेलं! कागद हिसकावून ते पडद्याआड गेले. निदान विंग तरी आपली.

"जा बाळा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "घर कुठं जात नाही. फक्त फोनवर सगळं बरं आहे म्हणून खोटं सांगू नकोस."

आणि थांबल्या. डोळे भरून आले होते, ओठ जरासे हलले. कॅमेऱ्यामागे शंतनुनं श्वास रोखला होता.

"मला कळतं!" पडद्याआडून हणमंतरावांच्या खणखणीत आवाजात चौथं वाक्य आलं.

सहाला वीस मिनिटं कमी होती आणि मंडळ गाठायलाच तेवढी लागत होती. शंतनुनं कॅसेट काढली आणि हणमंतरावांकडे न बघता चपला घालून तो आणि सुखदा निघून गेली.

बाई अजून खुर्चीतच होत्या. "विसरले नव्हते हो मी," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, अडलीस," हणमंतराव म्हणाले. पण त्यांना तसं वाटलं नव्हतं. ती अडली नाही, हे त्यांना ओरडायच्या आधीच ठाऊक होतं.