जाड की पातळ

घड्याळजींनी आणखी एक पिक दोन बोटांत धरला, वाकवून पाहिला, आणि तो वाकत नाही म्हणून खूश झाले.

"हा बरा आहे. दणकट."

"काका, हा सगळ्यात जाड," दुकानातली मुलगी म्हणाली. "हळुवार काही वाजवणार असाल तर तार नुसती खणखणेल."

"खणखणू दे. तेच पाहिजे."

मुलीने काचेच्या कपाटावर गिटारचे पिक ओळीने मांडले होते. एका टोकाला वहीच्या पुठ्ठ्याइतका पातळ, दुसऱ्या टोकाला कोटाच्या बटणाइतका जाड. तारा छेडायची एवढीशी तिकोनी चकती, पण घड्याळजी ती अशी पारखत होते की जणू मुलीसाठी स्थळ बघायला आलेत.

वाद्यांच्या दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, ड्रमच्या शेजारी, त्यांची बायको स्टुलावर बसली होती. आयुष्यभर इस्पितळात रात्रपाळी केलेली नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत, म्हणून लग्न झाल्या झाल्या घड्याळजीही चिडवायला सिस्टर म्हणू लागले. चिडवणं केव्हाच संपलं, नाव मात्र चिकटलं. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा माणूस उभ्या जगात एकच, असं त्यांची मेव्हणी अजूनही चारचौघांत सांगते.

सिस्टर सकाळी कामावरून यायची आणि दुपारभर पडद्याआड झोपायची. घर एका खोलीचं. पडद्याच्या अलीकडे घड्याळजींचं दुरुस्तीचं टेबल. जेवण झालं की ते स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून गिटार मांडीवर घ्यायचे, पण वाजवायचे सगळ्यात पातळ पिकाने, तोही जेमतेम तारेला लागेल असा. दमून आलेल्या बाईची झोप मोडू नये एवढंच. पुढे घर मोठं झालं, सिस्टर निवृत्त झाली, तरी हात तसाच राहिला.

आणि गेल्या आठवड्यात ते खिडकीपाशी वाजवत बसले असताना, पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालणारी सिस्टर म्हणाली होती, "थांबलात का? वाजवा की."

ते थांबलेच नव्हते.

कानाचं नाव काढायची सोय नव्हती. ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला तपासणीला पिटाळणारी ही बाई स्वतःची साधी सर्दीसुद्धा कबूल करत नसे. शिवाय घड्याळजींची सगळी हयात एखादा भाग बदलून वस्तू चालू करण्यात गेलेली. बायकोत बदलण्याजोगं त्यांना काही सापडेना, तेव्हा त्यांनी पिक बदलायचं ठरवलं. जुना झिजलाय, अशी थाप मारून तिला सोबत आणलं. आपलं वाजवणं तिच्यापर्यंत पोचत नसेल तर ते वाजवायचं तरी कुणासाठी, हा प्रश्न त्यांना आठवडाभर खात होता.

"सिस्टर, आता नीट ऐक आणि सांग!" त्यांनी हात उंचावून खूण केली.

मधल्या जाडीचा एक पिक घेऊन त्यांनी दुकानातल्या गिटारवर तीच दुपारची धून सुरू केली.

"छान!" सिस्टर म्हणाली.

त्याहून जाड पिक घेतला आणि दात आवळून वाजवला.

"हाही छान!"

तिची नजर त्यांच्या हातावर होती. हात थांबला की ती बोलत होती. घड्याळजींच्या ते लक्षात आलं आणि लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. तार सुरात लावण्याचं निमित्त करून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, सगळ्यात जाड पिक घेतला आणि पुन्हा दात आवळून सगळ्या तारांवर ओढला. दुकानातली मुलगी दचकली. भिंतीवरचं एक गिटारसुद्धा गुणगुणलं.

ते वळले. सिस्टर तशीच हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती.

"लागली का तार?" तिने विचारलं. "करा सुरू."

घड्याळजींनी पिक काचेवर ठेवला. मुलगी कपाटातलं काहीतरी शोधायला खाली वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

सिस्टर उठली. नवऱ्याचा पडलेला चेहरा तिने स्टुलावरूनच वाचला होता. पेशंटचे चेहरे वाचण्यात तिचा जन्म गेला होता. ती जवळ आली, ओळीतला सगळ्यात पातळ पिक उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हाच घ्या. जाड पिकाने वाजवताना तुम्ही किती दात आवळता! मला नाही बघवत."

"अगं, पण याने तुला..."

"नाही येत ऐकू," त्यांच्या ओठांकडे बघत ती म्हणाली. बोलून टाकल्यावर तिलाच हलकं वाटलं. "उद्या दाखवू कान. येईन मी, कटकट न करता. पण ते वाजवणं तर माझं पाठ आहे."

"पाठ कसं असेल? तू तर झोपलेली असायचीस."

"कुठली झोपतेय! डोळे मिटून पडायचे. जागी आहे कळलं असतं तर तुम्ही गिटार ठेवून दिलं असतं. तुमचं वाजवून झालं की मग झोपायचे."

घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं दुपारी आपण चोरासारखे वाजवत होतो आणि पलीकडे ही बाई चोरासारखी ऐकत होती! त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

मुलीने दुसरं स्टूल आणून समोरासमोर ठेवलं. सिस्टर बसली. घड्याळजी पातळ पिक तारांवर हलके हलके फिरवू लागले. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ती धून शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही पुरती ऐकू येत नव्हती. सिस्टरचे डोळे त्यांच्या बोटांवर होते आणि तिची मान तालात हलत होती.

अर्ध्यावर तिची मान थांबली.

"चुकलात," ती म्हणाली. "तिथे तुम्ही कायम चुकता."

घड्याळजी खरंच चुकले होते.