विहिरीत उडी कोणी मारली

नातीला शाळेने थोर माणसाचं घर पाहून एक पान लिहायला सांगितलं होतं. म्हणून रविवारी लेकीने गाडी काढली आणि म्हाताऱ्या शिंप्यालाही बळेच बरोबर घेतलं.

"बाबा, तुमचं लहानपण त्याच गल्लीत गेलं ना? मग तुम्हीच दाखवा सगळं."

शिंपी गाडीत बसला. साठ वर्षांत त्याने त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

माजी राष्ट्रपतींचं घर रंगरंगोटी करून चकचकीत केलं होतं. दोरीपलीकडे अभ्यासाचं टेबल मांडलं होतं. 'कसलं टेबल? जमिनीवर पालथी पडून लिहायची पोरं,' शिंप्याच्या मनात आलं. पण तो पुढे चालत राहिला.

मागच्या अंगणातल्या विहिरीवर आता जाळी होती. तिथे थांबून माहिती सांगणारी बाई घोकल्यासारखी बोलू लागली, "साहेब अकरा वर्षांचे होते. शेजारचा मुलगा या विहिरीत पडला. साहेबांनी मागचापुढचा विचार न करता उडी मारली. दुर्दैवाने तो मुलगा वाचला नाही."

शिंपी जाळीपाशी पुढे आला.

"उलटं सांगताय तुम्ही," तो म्हणाला. "पडले होते साहेब. उडी मारली माझ्या थोरल्या भावाने. साहेबांना पायरीवर ढकललं आणि स्वतः खाली गेला. मी इथेच उभा होतो."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई मात्र हसली नाही. "आजोबा, मला लिहून दिलंय तेच मी सांगते," ती हळूच म्हणाली आणि लोकांना पुढे घेऊन गेली.

गाडीत बसल्यावरही लेकीने किल्ली फिरवली नाही.

"मला काका होता? आणि हे मला आज कळतंय?"

"साहेबांचे वडील घरी आले होते. आमचा पोरगा फार घाबरलाय, त्याच्यासमोर विषय काढू नका म्हणाले. तुझी आजी बरं म्हणाली. मग आमच्या घरातही कोणी काढला नाही."

"पण ते मोठे झाल्यावर?"

"तेव्हा त्यांचा उदो उदो चालला होता. शिंप्याचं कोण ऐकणार? आणि कोण जाणे, त्यांना स्वतःलाही तसंच आठवत असेल."

नातीने वही उघडली. "आजोबा, मग मी काय लिहू?"

"तिथे सांगितलं तेच लिही, बाळा. नाहीतर मार्क जातील."

"काही नाही," लेक फटकन म्हणाली. "आजोबा सांगतात ते लिही." मग तिचा आवाज उतरला. "दिसायला कसा होता हो काका?"

शिंप्याने डोळे मिटले. त्याला भाऊ दिसत होता तो विहिरीतून बाहेर काढल्यानंतरचाच. त्याआधीचा चेहरा काही केल्या आठवेना.

"उंच होता," तो म्हणाला. तेसुद्धा खरं की खोटं, त्याला ठाऊक नव्हतं.