बेकरीवाल्यांना न दाखवलेली फाइल

दचकू नका, कोपऱ्यातून मी बोलतोय. मी एक लोखंडी कपाट. एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या खोलीत उभा राहून मला चोवीस वर्षं झाली. लोक बाईंपाशी मन मोकळं करतात, बाई ते लिहून ठेवतात आणि ते सगळं माझ्या पोटात राहतं.

पहिल्याच वर्षी एक आई रडत आली. "माझा मुलगा तुम्हाला काय सांगतो, तेवढं दाखवा हो!" बाई नव्या होत्या. त्यांना ते रडणं बघवेना. त्यांनी मला उघडलं. मुलाला ते कळलं आणि तो पुन्हा आलाच नाही. त्या दिवशी बाई माझ्या दाराला कपाळ टेकवून बराच वेळ उभ्या होत्या.

मग कित्येक वर्षं त्या दगड झाल्या. कुणाचेही आईवडील आले की, "काही सांगता येणार नाही," आणि विषय संपला. चूक नव्हतं ते. पण हिरमुसून परत जाणारी माणसं मी पाहत होतो, आणि बाईही पाहत होत्या.

गेल्या वर्षी एक बेकरीवाले आले. बाह्यांना पीठ, डोळ्यांत धास्ती. बाईंकडे येणारी त्यांची सतरा वर्षांची लेक आठवडाभर घरात बोलत नव्हती.

"फाइल दाखवा. बाप आहे मी तिचा!"

बाईंनी किल्ली घेतली नाही, पण त्यांना दारही दाखवलं नाही. "कपाट उघडणार नाही, दादा. बसा, पाणी घ्या. उद्या ती आली की विचारते, बाबांना यातलं काय सांगू? ती 'काहीच नको' म्हणाली, तर काहीच सांगणार नाही. चालेल?"

बेकरीवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लेकीला तसं विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही नको, मीच सांगते. फक्त तुम्ही इथे थांबा."

बाबांना आत बोलावलं. ते खुर्चीच्या काठावर टेकले.

"बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं. मला बेकरी चालवायचीय."

बेकरीवाल्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, पण तुझे पाव विटेसारखे होतात!"

"मग शिकवा ना!"

तिघंही इतकी हसली की माझे कप्पे खडखडले. बापलेकीचं भांडण अजून मिटलेलं नाही म्हणे, पण आता ती तोंडाने भांडतात.

आधी मुलालाच विचारावं, हे बाईंच्या नियमांच्या पुस्तकात पहिल्या वर्षीही होतं. ते हाताशी यायला मात्र इतकी वर्षं लागली.

हल्ली नोंदी कॉम्प्युटरवर जातात. माझी बिजागरी कुरकुरते, तरी बाई मला हलवू देत नाहीत. तुम्हाला एकच सांगणं: घरातल्या पोराचं मन कळेनासं झालं, तर त्याची कपाटं उचकू नका. शेजारी बसा, त्यालाच विचारा. उत्तर आलं नाही, तरी लगेच उठू नका.